डबलसीट : मागे बसणाऱ्याची काळजी कोणी घ्यायची?

घरात नवी मोटारसायकल आली की तिची साग्रसंगीत पूजा होते. हँडलला हार घातला जातो, चाकाखाली लिंबू ठेवले जाते, शेजारीपाजारी पेढे वाटले जातात. आणि पेढ्याची चव जिभेवर असतानाच पहिला प्रश्न येतो, "मग, मला कधी फिरवून आणणार?" आई विचारते, धाकटी बहीण विचारते, कॉलेजातला मित्र तर विचारतही नाही, सरळ मागे येऊन बसतो. नवी नवरी बिचारी सगळ्यांसमोर काही बोलत नाही. पण तिच्याही मनात तेच असते. काल-परवापर्यंत एकट्याने गाडी हाकणारा मुलगा मग मोठ्या ऐटीत 'डबलसीट' निघतो.

'डबलसीट' हा शब्द आपल्याकडे सायकलच्या जमान्यापासून रुळलेला आहे. पण या डबलसीटचे शिक्षण मात्र कोणी कोणाला दिलेले नसते. एकट्याने गाडी चालवायला शिकण्यासाठी मैदान असते, शिकवणारा दादा किंवा काका असतो, आरटीओची परीक्षा असते. तिथे आठचा आकडा काढून दाखवावा लागतो, तोही एकट्याने. शिकाऊ परवान्यावर तर शिकवणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणाला मागे बसवायला नियमाने मनाईच आहे. पक्का परवाना हातात पडला, की दुसऱ्या दिवशी आईला मागे बसवून मंडईत नेण्याची मुभा मिळते. आदल्या दिवशीपर्यंत ज्याची मनाई होती, ते दुसऱ्या दिवशी आपोआप जमेल, असे गृहीत धरलेले असते. मागे बसणाऱ्यालाही कोणी काही सांगत नाही. "बस मागे आणि धर घट्ट," एवढाच काय तो त्याचा अभ्यासक्रम!

याची किंमत किती असते? केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यातली ७४,८९७ माणसे दुचाकीवरची होती. म्हणजे शंभरातली जवळजवळ पंचेचाळीस. त्याच वर्षी हेल्मेट न घातलेल्या ५०,०२९ जणांचा मृत्यू झाला. त्यांतले १४,३३७ जण गाडी चालवत नव्हते, ते मागे बसलेले होते. ज्यांच्या हातात हँडल नव्हते, ब्रेक नव्हता, समोरचा रस्ताही ज्यांना धड दिसत नव्हता, अशी ही चौदा हजारांवर माणसे. आपल्याकडच्या घरांत मागच्या सीटवर बहुतेक वेळा कोण असते, ते वेगळे सांगायला नको.

म्हणूनच कोणाला पहिल्यांदा मागे बसवण्याआधी, आणि पहिल्यांदा कोणाच्या मागे बसण्याआधीही, काही गोष्टी समजून घेतल्या पाहिजेत.

गाडी तीच, पण वागते वेगळी

शंभर सी.सी.च्या आपल्या नेहमीच्या मोटारसायकलचे वजन साधारण एकशे दहा-पंधरा किलो असते. तिच्यावर साठ किलोचा माणूस बसला, म्हणजे गाडीच्या निम्म्याहून अधिक वजन एकदम वाढले. शिवाय हे वजन मधोमध बसत नाही. ते जवळजवळ मागच्या चाकावर येते. त्यामुळे गाडीचा मागचा भाग खाली दबतो आणि पुढचे चाक हलके होते. चढावर क्लच झटक्याने सोडला, तर हँडल हातात 'हलके' लागते, ते याच कारणाने.

दुसरा फरक पडतो तो ब्रेकमध्ये. वजन वाढले की तोच वेग आवरायला जास्त जोर आणि जास्त अंतर लागते. ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. ताशी ६० च्या वेगाने जवळजवळ १७ मीटर. समोर अचानक कुत्रे आडवे आले, तर ते दिसून ब्रेककडे हातपाय जाईपर्यंतच हा सेकंद संपलेला असतो. त्यातच ब्रेक करकचून लागला, की मागचा माणूस पुढे सरकतो आणि त्याचा सगळा भार चालवणाऱ्याच्या पाठीवर, तिथून मनगटांवर येतो. म्हणून डबलसीट असताना पुढच्या गाडीपासूनचे अंतर नेहमीपेक्षा चांगले मोठे ठेवायचे आणि दोन्ही ब्रेक एकदम, पण हळूहळू दाबत आणायचे. नुसता पुढचा ब्रेक झटक्याने ओढायची सवय एकट्याला कदाचित पचत असेल, दोघांना पचत नाही.

तिसरी अडचण वेगाची नाही, उलट संथपणाची आहे. गाडीचा तोल सर्वांत कच्चा असतो तो अगदी हळू चालताना. गर्दीत मुंगीच्या पावलांनी पुढे सरकताना, अरुंद गल्लीत गाडी वळवताना, सिग्नलला थांबताना मागच्या माणसाने नेमके त्याच क्षणी वळून पाहिले किंवा पिशवी या हातातून त्या हातात घेतली, की गाडी कलंडू पाहते. एकट्याची गाडी पायाने सावरता येते. दोघांची सावरताना पाय लचकतो. थांबायचे तर सपाट, खडी नसलेली जागा बघूनच थांबावे.

निघण्यापूर्वीची पाच मिनिटे

पुष्कळांना ठाऊक नसते, पण गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत मागच्या टायरच्या हवेचे बहुधा दोन आकडे दिलेले असतात : एक एकट्यासाठी, दुसरा दोघांसाठी. दोघांचा आकडा जास्त असतो. पुष्कळ गाड्यांवर चेनकव्हरपाशी किंवा मागच्या चाकाजवळ तशी पट्टीही चिकटवलेली असते. कमी हवेच्या टायरवर दोघे बसले, की गाडी वळणावर लोळल्यासारखी जाते, टायर तापतो आणि पंक्चरलाही आमंत्रण मिळते. मागचे शॉकॲब्सॉर्बर कमी-जास्त कडक करण्याची सोयही बहुतेक मोटारसायकलींना असते. रोजच डबलसीट जायचे असेल, तर गॅरेजवाल्याला सांगून ते एखादा घाट कडक करून घ्यावेत.

आणखी एक बारीक गोष्ट. मागचा भाग दबला की पुढचा दिवा वर पाहू लागतो. आपला रस्ता अंधारात राहतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे मात्र दिपतात. रात्री डबलसीट निघण्यापूर्वी दिवा थोडा खाली करून घ्यावा. स्क्रू फिरवण्याचेच काम आहे. गॅरेजवाला चहा पिता पिता करून देतो.

आरसेही पुन्हा एकदा पाहावेत. मागे माणूस बसला की आरशात कित्येकदा त्याचा खांदा तेवढा दिसतो!

चढणे आणि उतरणे

डबलसीटचे निम्मे अपघात गाडी सुरू व्हायच्या आधीच होऊ पाहतात. चालवणाऱ्याने आधी स्वतः बसावे, दोन्ही पाय जमिनीवर पक्के रोवावेत, पुढचा ब्रेक दाबून धरावा, मागचे दोन्ही फूटरेस्ट उघडून ठेवावेत आणि मगच "बसा" म्हणावे. साइड स्टँडवर कललेल्या गाडीवर कोणाला चढू देऊ नये; स्टँड मोडतो किंवा मातीत रुततो. आणि बसणाऱ्यानेही "बसू का?" असे विचारल्याखेरीज पाय टाकू नये. न सांगता मागून धपकन बसणारे मित्र गाडीसकट खाली येतात, हे पुष्कळांनी अनुभवलेले आहे.

चढायचे ते डाव्या बाजूने. आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात, त्यामुळे फूटपाथची, सुरक्षित बाजू तीच. शिवाय बहुतेक गाड्यांचा सायलेन्सर उजवीकडे असतो. उतरताना उजव्या बाजूला पाय टाकला की पोटरीला चटका बसलाच म्हणून समजा. हा डाग महिनोन् महिने जात नाही. लहान मुलांना तर हे आवर्जून सांगून ठेवले पाहिजे.

उतरतानाही तोच शिरस्ता. गाडी पूर्ण थांबली, पाय टेकले, चालवणाऱ्याने "उतरा" म्हटले, की मगच उतरायचे. गाडी थांबण्याच्या बेतात असतानाच टुणकन उडी मारण्याची सवय तरुण मुलांना असते. उडी मारणाऱ्याला काही होत नाही. तोल जातो तो चालवणाऱ्याचा. आणि डावीकडून उतरतानाही मागून सायकल किंवा स्कूटर घुसत नाही ना, हे मान वळवून पाहायचेच.

बसल्यानंतर सिग्नलला गाडी थांबली तरी मागच्याने पाय फूटरेस्टवरून काढू नयेत. जमिनीवर पाय टेकून "मी मदत करतो" म्हणणारा मागचा माणूस मदत करत नाही, अडथळा करतो.

पदर, ओढणी आणि चाक

इझाडोरा डंकन ही जगप्रसिद्ध अमेरिकन नर्तिका. १४ सप्टेंबर १९२७ रोजी फ्रान्समधल्या नीस शहरात ती एका उघड्या मोटारीतून निघाली होती. गळ्यातला लांब रेशमी स्कार्फ वाऱ्यावर उडाला, मोटारीच्या मागच्या चाकात अडकला आणि क्षणात सारे संपले. ही गोष्ट सांगताना लोक हळहळतात. पण आपल्या रस्त्यांवर, आपल्या दुचाकींच्या मागच्या चाकात ओढण्या अडकण्याचे प्रकार वारंवार घडतात. मानेचा मणका आणि श्वासनलिका यांना त्यामुळे होणाऱ्या जखमांबद्दल भारतीय डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकांत लिहिलेले आहे.

हे इतके झटपट का होते? मोटारसायकलच्या चाकाचा घेर साधारण पावणेदोन ते दोन मीटर असतो. ताशी ४० च्या वेगाला ते चाक सेकंदाला जवळजवळ सहा वेळा फिरते. ओढणीचे टोक आऱ्यांत किंवा साखळीत गेले, की "थांब!" असा शब्द तोंडातून फुटायच्या आत ती गळ्याशी आवळली जाते. चालवणाऱ्याला तर मागे काय चालले आहे याची गंधवार्ताही नसते.

यावर उपाय इतका सोपा आहे, की तो केला जात नाही याचेच आश्चर्य वाटावे. बसण्याआधी पदर पुढे घेऊन कमरेला घट्ट खोचायचा. ओढणी गळ्याभोवती गुंडाळायची नाही. ती कमरेला बांधायची, नाहीतर सरळ पिशवीत ठेवायची. गळ्याभोवती वेढे घेतलेली ओढणी जास्त सुरक्षित, असा समज आहे, तो साफ खोटा. सैल ओढणी एखादे वेळी निसटून जाईल. गुंडाळलेली निसटत नाही. रेनकोटचे टोक, पिशवीचे लोंबते बंद, लांब मफलर, बुरख्याचा किंवा धोतराचा सोगा या सगळ्यांना हाच नियम.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १२३ व्या नियमाने प्रत्येक मोटारसायकलला तीन गोष्टी देणे कंपनीवर बंधनकारक केले आहे : मागच्याला धरायला पक्की दांडी, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागचे चाक किमान निम्मे झाकणारे आच्छादन. हे आच्छादन म्हणजेच आपले 'साडीगार्ड'. पण गाडी शोरूममधून बाहेर पडली, की "त्याने गाडीचा लूक जातो" म्हणून कित्येक तरुण पहिल्यांदा साडीगार्डच काढून टाकतात. वर्षभराने लग्न होते, मागे साडीतली बायको बसते आणि साडीगार्ड मात्र माळ्यावर धूळ खात पडलेले असते! ते शोधून पुन्हा बसवणे, ही नव्या संसाराची चांगली सुरुवात ठरेल.

एका बाजूला, की दोन्हीकडे पाय?

हा मोठा नाजूक प्रश्न. साडी नेसलेल्या बाईने एका बाजूला पाय सोडून बसायचे, ही आपल्याकडची स्कूटरच्या काळापासूनची रीत. ती रीत वेशभूषेतून आणि लोकलज्जेतून आलेली आहे. गाडीच्या तोलाचा विचार त्यात नाही. एका बाजूला बसले, की सारे वजन किंचित डावीकडे जाते. चालवणाऱ्याला गाडी नकळत उजवीकडे रेटत राहावे लागते. बसलेल्या बाईला गुडघ्यांनी सीट पकडता येत नाही, पाय जेमतेम एका आधारावर असतात, आणि खड्डा आला की ती चेंडूसारखी वर उडते. दोन्ही बाजूंना पाय टाकून बसणे केव्हाही जास्त सुरक्षित, यात वाद नाही. आता सलवार-कमीज, जीन्स घराघरांत आहेत. लांबचा प्रवास असेल तर तोच वेश करावा आणि घरच्या वडीलधाऱ्यांनीही त्याला नाक मुरडू नये. पूर्वी घोड्यावर बसणाऱ्या आपल्या बायका काही एका बाजूला पाय सोडून बसत नव्हत्या.

तरीही साडीत, एका बाजूलाच बसायची वेळ आली, तर काही पथ्ये पाळावीत. सीटच्या टोकाला नाही, शक्य तितके मधे बसावे. दोन्ही पाय साडीगार्डच्या खालच्या पायदानावर नीट टेकलेले असावेत. एका हाताने मागची दांडी आणि दुसऱ्या हाताने चालवणाऱ्याची कंबर किंवा खांदा धरावा. हातात पिशवी, मांडीवर मूल आणि डोक्यावर उघडी छत्री असले त्रिकूट तर कधीच नको.

छत्रीचे तर विचारूच नये. पावसाची सर आली की मागे बसलेली व्यक्ती सहजपणे छत्री उघडते. चालवणाऱ्यालाही तेवढाच आडोसा. पण धावत्या गाडीवर उघडी छत्री म्हणजे गलबताचे शीडच. वाऱ्याने ती उलटी होते, आणि तिला घट्ट धरणारी व्यक्ती तिच्याबरोबर मागे ओढली जाते. पाऊस आला की थांबावे, रेनकोट घालावा, नाहीतर टपरीवर चहा घ्यावा. तेवढ्याने कोणाचे काही अडत नाही.

हात कुठे ठेवायचे?

नवरा-बायकोच्या बाबतीत हा प्रश्न सुटलेला असतो. पण सून सासऱ्यांच्या मागे बसते, ऑफिसातली सहकारी पाऊस आहे म्हणून साहेबांच्या गाडीवर बसते, पुतण्या काकूला दवाखान्यात नेतो, तेव्हा संकोचापोटी मागचा माणूस काहीच धरत नाही. हात मांडीवर ठेवून, अंग चोरून, सीटच्या शेवटच्या टोकावर बसतो. पहिल्याच खड्ड्याला हा संकोच भोवतो.

अशा वेळी चालवणाऱ्यानेच पुढाकार घेऊन सांगावे, "काकू, मागे दांडी आहे, तिला दोन्ही हातांनी धरा." किंवा "वहिनी, खांदा धरा, संकोच करू नका." एवढ्या एका वाक्याने मागचा माणूस मोकळा होतो. गोव्यात पिवळ्या मडगार्डच्या मोटारसायकलवरून भाड्याने प्रवासी नेणारे 'पायलट' आहेत. त्यांच्या मागे रोज नवा, अनोळखी माणूस बसतो. त्यांचा धंदाच तो. २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनेही विजेवरच्या बाइक-टॅक्सींच्या धोरणाला मंजुरी दिली. म्हणजे अनोळखी चालकाच्या मागे बसण्याचे प्रसंग आता घरच्या बायकामुलांवरही येणार. दांडी धरून, अंतर राखून, तरीही पक्के बसता येते, हे ज्याला आधीपासून ठाऊक असेल, त्याला अशा वेळी अवघडल्यासारखे होणार नाही.

पहिल्यांदाच बसणाऱ्याला काय सांगावे?

गावाहून आलेल्या आजी असोत किंवा परदेशातून आलेला भाचा असो, पहिल्यांदाच मागे बसणाऱ्याला चार गोष्टी गाडी सुरू करण्याआधी सांगाव्यात. गाडी वळणावर कलते, तेव्हा घाबरून उलट्या बाजूला अंग टाकायचे नाही, गाडीबरोबरच जायचे. ज्या बाजूला वळण आहे, त्या बाजूच्या खांद्यावरून पुढे पाहिले, की अंग आपोआप हवे तेवढेच कलते. ब्रेक लागताना दांडी घट्ट धरायची. मधेच वळून मागे पाहायचे नाही, ओळखीचा दिसला म्हणून हात हलवायचा नाही. आणि सांगायचे असेल, तर खांद्यावर थाप मारायची : एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब. हेल्मेट आणि वारा यांत हाका ऐकू येत नाहीत, थाप मात्र नक्की कळते.

आणि चालवणाऱ्याने काय करायचे? गतिरोधक त्याला दिसतो, मागच्याला दिसत नाही. तो स्वतः किंचित उचलला जातो, अंग सावरतो. मागचा मात्र बेसावध असतो आणि मागच्या चाकाच्या वरच बसलेला असल्याने सर्वांत मोठा धक्का त्यालाच बसतो. म्हणून "ब्रेकर आला हं," "खड्डा आहे," असे मोठ्याने सांगत जावे. गतिरोधकावर गाडी जवळजवळ थांबवून मग चढवावी. पहिले चार-पाच किलोमीटर मुद्दाम हळू, गर्दी नसलेल्या रस्त्याने जावे. मधे एकदा थांबून विचारावे, "आई, ठीक बसलीस ना? भीती वाटते का?" या विचारण्याने चालवणाऱ्याची शान कमी होत नाही. मागच्याला घाबरवण्यासाठी मुद्दाम गाडी पळवणे आणि ती किंचाळली की हसणे, ही मर्दुमकी नव्हे. जी व्यक्ती घाबरून ताठरते, तिचे वजन गाडीला दुप्पट जड जाते.

पोरेबाळे आणि म्हातारी माणसे

टाकीवर पुढे एक मूल, मधे दुसरे, मागे त्यांची आई : हे चित्र आपल्याला इतके परिचयाचे, की त्यात काही चुकते आहे असे वाटेनासे झाले आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चे १२८ वे कलम सांगते, की चालकाखेरीज एकाच व्यक्तीला न्यावे, तेही त्याच्या मागे, पक्क्या बसवलेल्या सीटवर. मूल लहान आहे म्हणून या कलमात त्याला वगळलेले नाही. टाकीवर बसलेल्या मुलाच्या छातीसमोर हँडल असते. धडक झाली, तर मागच्या बापाचे वजनही त्याच्याच अंगावर येते.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचे आहे. चार वर्षांखालच्या मुलांसाठी केंद्राने २०२२ च्या फेब्रुवारीत नियम केले आणि ते वर्षभराने लागू झाले. मुलाला चालकाशी बांधून ठेवणारा सुरक्षा पट्टा वापरायचा, नऊ महिन्यांपुढच्या मुलाला त्याच्या डोक्याच्या मापाचे हेल्मेट घालायचे आणि गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर न्यायचा नाही. हा पट्टा महत्त्वाचा अशासाठी, की लहान मूल गाडीवर बसले की वाऱ्याने पाच मिनिटांत झोपी जाते. झोपलेले मूल काहीही धरत नाही.

म्हाताऱ्या माणसांची अडचण वेगळी. गुडघा उचलत नाही, त्यामुळे चढतानाच दम लागतो. त्यांना एखाद्या पायरीजवळ किंवा फूटपाथशी गाडी लावून चढवावे, घाई करू नये. पाठीचे दुखणे, चक्कर येणे, नुकतेच झालेले ऑपरेशन असेल, तर सरळ रिक्षा करावी. गरोदर बाईला मागे बसवावे की नाही, हे सासूबाईंनी किंवा नवऱ्याने ठरवायचे नसते. ते डॉक्टरांना विचारावे. रिक्षाचे वाचवलेले साठ-सत्तर रुपये नंतर फार महाग पडू शकतात.

दुसरे हेल्मेट कुठे आहे?

पुष्कळ घरांत हेल्मेट एकच असते आणि ते चालवणाऱ्याच्या डोक्यावर असते. गाडी पडली तर जमीन कोणाच्या डोक्यात भेद करत नाही. कायद्याचे १२९ वे कलमही करत नाही. हेल्मेट दोघांनाही सक्तीचे आहे, पगडी घालणाऱ्या शीख बांधवांना तेवढी सूट आहे. जगभरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २००८ मध्ये घेतला गेला, त्यात असे दिसले, की हेल्मेटमुळे अपघातातला मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो.

हेल्मेट घेताना आयएसआय शिक्का पाहून घ्यावे. १ जून २०२१ पासून तसा शिक्का नसलेली दुचाकीची हेल्मेटे विकायलाच मनाई आहे. माप महत्त्वाचे. नवऱ्याचे मोठे हेल्मेट बायकोच्या डोक्यावर नुसते टेकवले, तर आपटताक्षणी ते आधी उडून जाते. हनुवटीखालचा पट्टा लावलाच पाहिजे. "अंबाडा मोडतो, गजरा चुरगळतो" ही तक्रार खरी आहे; पण गजरा पर्समधून नेता येतो. लग्नकार्याच्या ठिकाणी पोचून आरशासमोर माळायला दोन मिनिटे पुरतात.

विम्याची पॉलिसी एकदा उघडून पाहा

हा विषय कोणालाच आवडत नाही, पण कुटुंबाने माहीत करून घ्यावा असा आहे. "गाडीचा इन्शुरन्स आहे" एवढ्यावर आपण निश्चिंत असतो. पण कायद्याने सक्तीची असलेली, फक्त 'थर्ड पार्टी' पॉलिसी घेतली असेल, तर मागे फुकट बसवलेल्या माणसाची भरपाई द्यायला विमा कंपनी बांधील नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिला होता. एजंट ज्याला 'फुल इन्शुरन्स' म्हणतात, त्या पॅकेज पॉलिसीत मात्र मागे बसणाऱ्याचीही जबाबदारी येते, असे विमा नियामकाने २००९ मध्ये परिपत्रक काढून स्पष्ट केले. गाडीबरोबर पंधरा लाखांचा जो अपघात विमा मिळतो, तो मालक-चालकाचा असतो, मागच्याचा नव्हे. मागच्यासाठी थोडा जास्तीचा हप्ता भरून वेगळा विमा घेता येतो. पुढच्या वेळी पॉलिसीचे नूतनीकरण करताना हा एक प्रश्न एजंटला जरूर विचारावा. आणि शक्यतो घरातल्या सर्वांसमोर विचारावा.

मागे बसणाऱ्याचा हक्क

शेवटी एक गोष्ट मागे बसणाऱ्यांसाठी. आपल्या घरांत एक अलिखित दंडक आहे : जो चालवतो त्याला टोकायचे नाही. बायको "जरा हळू" म्हणाली, की "तुला चालवता येते का?" हे ठरलेले उत्तर. मग ती पुढच्या वेळी बोलत नाही. नुसता जीव मुठीत धरून बसते. लेकीसुना स्कूटर चालवू लागल्यापासून हे चित्र थोडे बदलले आहे. पत्नीच्या मागे बसलेले नवरे मात्र "गिअर टाक, हॉर्न वाज, डावीकडून काढ" असे अखंड निरूपण करत असतात! चालवणाऱ्याला पदोपदी सूचना नकोत, हे खरेच. पण वेग जास्त होतो आहे, झोप येते आहे, पदर सुटला आहे, पाय घसरतो आहे, हे सांगण्याचा मागच्याला पूर्ण हक्क आहे आणि त्याने सांगितले की लगेच गाडी थांबवणे हे पुढच्याचे कर्तव्य आहे. चालवणाऱ्याने दारू घेतली असेल, तर मागे न बसण्याचा हक्क त्याहूनही मोठा. अशा वेळी भिडेखातर बसू नये, रुसवा परवडतो.

मागे बसणारा माणूस आपला जीव पाच-दहा किलोमीटरसाठी दुसऱ्याच्या हाती सोपवत असतो. हा विश्वास तो शब्दांत सांगत नाही, नुसता खांद्यावर हात ठेवतो. उद्या सकाळी ऑफिसला, शाळेला, मंडईला निघताना गाडीवर बसण्यापूर्वी पदर खोचलेला आहे ना, दुसरे हेल्मेट घेतले आहे ना, साडीगार्ड जागेवर आहे ना, एवढे तीन प्रश्न एकमेकांना विचारले, तरी पुष्कळ झाले. मग "बसू का?" आणि "बसा!"